डाळ मिलमधलं ग्रीस : प्रकल्प नोंदी, लातूर, नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५

८ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली. नवी तूर आडतीवर यायला अजून दीड-दोन महिने आहेत आणि तोवर मिल निम्म्याच वेगाने चालते. हा काळ दरवर्षी रंगरंगोटीत आणि पट्टे बदलण्यात जातो. यंदा ठरवलंय, फक्त बेअरिंग आणि ग्रीस बघायचं. दुरुस्तीच्या रजिस्टरात गेल्या वर्षभरात चौदा बेअरिंग बदलल्याची नोंद आहे. त्यांतली नऊ ऐन सीझनमधली. धान्य वर चढवणाऱ्या एका एलिव्हेटरचं बेअरिंग गेलं की पुढची अख्खी लाइन थांबते. तेल लावलेली तूर गच्चीवर तशीच पडून राहते आणि हमाल सावलीला बसून राहतात. त्यांची मजुरी पोत्यावर असते, म्हणजे त्या दिवसाचा फटका सगळ्यात आधी त्यांना बसतो.

चौदापैकी दहा नोंदींपुढे कारण म्हणून एकच शब्द लिहिलाय : 'ग्रीस'. कमी पडलं, जास्त झालं, की भलतंच घातलं, यातलं काहीच नाही. तो शब्द मीच लिहिलेला आहे आणि आता तो पुरत नाही. मालकांना सांगितलं, एक वही आणि सहा महिने द्या. दोन्ही मिळालं.

१० नोव्हेंबर

भंगाराच्या पेटीतून जुनी बेअरिंग काढून पत्र्यावर मांडली. मिस्त्री मामा म्हणाले, "मेलेल्याचं काय बघायलास?" पण बसले शेजारीच.

पहिलं बेअरिंग तुरीची साल काढणाऱ्या रोलच्या मोटरचं, ६३०८ नंबरच्या मापाचं. शील्ड, म्हणजे बाजूचं झाकण, उचकटली तर आत ग्रीस नव्हतंच. पातेल्याच्या तळाला करपलेलं दूध धरतं तशी काळी, कडक खपली होती. नखाने काढली तर तुकडे पडले. बॉल धरून ठेवणारा केज निळसर पडलेला, वास जळक्या तेलाचा. आणि ज्या घरात (हाउसिंगमध्ये) ते बसवलेलं होतं, त्यात मात्र ग्रीस काठोकाठ भरलेलं होतं. म्हणजे ग्रीस कमी पडून ते गेलेलं नाही.

दुसरं एलिव्हेटरच्या खालच्या पुलीचं. त्यात ग्रीस आणि भुसा मिळून पेंडीसारखा गोळा झालेला. धुतल्यावर बॉलवर बारीक खड्डे दिसले, बोटाला वाळूच्या कागदासारखे लागत होते.

तिसरं ड्रायरच्या पंख्याचं. ग्रीस करपलेलं नाही, त्यात कचराही नाही, पण ताकासारखं पातळ होऊन वाहून गेलेलं. रेसवर, म्हणजे बॉल ज्यावर धावतात त्या कडीवर, नुसता तेलकट ओघळ राहिला होता.

तीन मढी आणि मरणं तीन तऱ्हेची. रजिस्टरात तिन्हींपुढे एकच शब्द. कामाची सुरुवात इथूनच करायची.

११ नोव्हेंबर

मिलमधल्या दोन नव्या पोरांना ग्रीस म्हणजे काय ते समजवायचं होतं. पुस्तकी व्याख्या त्यांच्या डोळ्यांवरून निघून जाताना दिसली. मग विचारलं, घरी श्रीखंडाला चक्का कसा करतात? दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी हळूहळू गळतं, सगळं एकदम निघून जात नाही. ग्रीसचंही तसंच आहे. त्यात साधारण ७० ते ९५ टक्के तेलच असतं. उरलेला भाग ते तेल धरून ठेवणाऱ्या घट्टकाचा, आणि थोडी गंजरोधक वगैरे रसायनं. घट्टक बहुतेक वेळा साबण असतो. अंगाचा साबण सोडियमचा असतो, हा लिथियमचा किंवा कॅल्शियमचा. त्या साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंची जाळी होते आणि जाळीत तेल अडकून राहतं. बेअरिंग फिरलं, दाब आला, ऊब आली की जाळी थोडं थोडं तेल सोडते. वंगणाचं काम मुख्यतः ते तेल करतं. साबण त्याला जागेवर धरून ठेवतो.

मग तेलच का नाही घालायचं? तेल गळतं. ते राहावं म्हणून टाकी लागते, पंप लागतो, सील चांगली लागतात. ग्रीस आडव्या-उभ्या शाफ्टवर टिकून राहतं आणि कडेला जमून धूळही अडवतं. पण एका बाबतीत तेल सरस. तेल फिरताना उष्णता आणि कचरा सोबत घेऊन जातं. ग्रीसला ते जमत नाही, त्यात गेलेला कचरा तिथेच राहतो आणि तयार झालेली उष्णताही. दुसऱ्या नंबरचं मढं यानेच गेलं असावं.

१३ नोव्हेंबर

स्टोअरमध्ये ग्रीसचे तीन डबे निघाले. एकावरही लेबल धड नाही. त्यांना अ, ब, क अशी नावं दिली. अ पिवळसर, ब तांबूस, क काळपट. रंगाला अर्थ नाही हे पोरांना दोनदा सांगितलं. रंग कारखान्यात मिसळलेला असतो, लाल ग्रीस 'गरम कामाचं' आणि पिवळं 'साधं' असं काही नसतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्राफाइट असेल तर ग्रीस काळं दिसतं, तेवढाच काय तो अपवाद.

पाण्याची परीक्षा : काचेवर चिमूटभर ग्रीस, वर चमचाभर पाणी, आणि बोटाने घोटायचं. सोडियमचं असतं तर दुधाळ होऊन पाण्यात मिसळलं असतं. तिन्हीही मिसळली नाहीत, पाण्याचे थेंब वेगळे राहिले.

उष्णतेची परीक्षा मिलच्या आवारात केली नाही. डाळीची धूळ हवेत असताना उघडी आग म्हणजे स्फोटाला बोलावणं. मामांच्या घरामागे, मोकळ्या अंगणात, काजळी धरलेल्या जुन्या तव्यावर प्रत्येकाचा वाटाण्याएवढा गोळा ठेवला आणि तापमापकाची बंदूक रोखली. ही बंदूक चकचकीत लोखंडावर खोटं तापमान दाखवते, काळ्या पृष्ठभागावर बरोबर. म्हणून मुद्दाम काळा तवा घेतला.

अ शंभर अंशांच्या आसपास ढासळलं. आधी बुडबुडे, मग तेल एका बाजूला आणि साबणाचा चोथा दुसऱ्या बाजूला. थंड झाल्यावरही एकजीव झालं नाही. हे साधं कॅल्शियमचं. त्याच्या जाळीत थोडं पाणी बांधलेलं असतं, ते उडालं की जाळीच सुटते. पाण्याजवळच्या, थंड जागेच्या कामाला हे उत्तम, मोटरला मुळीच नाही.

ब एकशे ऐंशीच्या पुढे वितळलं आणि थंड झाल्यावर पुन्हा लोण्यासारखं झालं. लिथियम. साध्या लिथियमचा ड्रॉपिंग पॉइंट, म्हणजे वितळून थेंब गळायला लागण्याचं तापमान, १९० च्या आसपास असतो. पण त्या तापमानापर्यंत ते वापरता येतं असा त्याचा अर्थ नाही. १९० ला ते गळून पडतं, कायमच्या कामाला साधारण १२० च्या आतच ठेवायचं. डब्यावरचा हा आकडा वाचून फसणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

क वितळलंच नाही. तवा अडीचशेवर गेला, कडा काळ्या पडल्या, धूर निघाला, पण गोळा तसाच उभा. म्हणजे घट्टक साबण नव्हे, माती. बेंटोनाइटवर प्रक्रिया करून ही ग्रीसं बनवतात, त्यांना ड्रॉपिंग पॉइंट नसतो. मामांना आठवलं, दोन वर्षांपूर्वी ड्रायरच्या पंख्यासाठी दुकानदाराने 'कधीच वितळत नाही' म्हणून दिलं होतं. वितळत नाही हे खरं. पण आतलं तेल जळतंच, मग मागे नुसती माती राहते.

१४ नोव्हेंबर

मनात आलेली शंका आज लिहून ठेवतो. ड्रायरच्या पंख्यात आधी क होतं. त्यानंतर ज्याच्या हाताला जो डबा लागला त्याने तो भरला, म्हणजे बहुधा ब. तिसऱ्या मढ्यातलं ते ताक यातूनच झालं असेल का? दोन बाटल्यांच्या झाकणांत ब आणि क निम्मे निम्मे घोटून ठेवले आहेत. तुलनेसाठी शेजारी नुसतं ब आणि नुसतं क. चारही झाकणं बॉयलरच्या खोलीतल्या उबदार फळीवर.

१९ नोव्हेंबर

घट्टपणा मोजायचा होता. खरी पद्धत अशी : २५ अंशांवर ग्रीस एका कपात ६० वेळा दट्ट्याने घुसळायचं, मग ठरावीक आकाराचा, दीडशे ग्रॅमचा शंकू वरून सोडायचा आणि ५ सेकंदांत तो किती खोल गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. २६५ ते २९५ आलं तर नंबर २, २२० ते २५० आलं तर नंबर ३, ३१० ते ३४० आलं तर नंबर १. अमेरिकेतल्या एनएलजीआय संस्थेची ही प्रतवारी आहे. ०००, ००, ०, १ पासून ६ पर्यंत नऊ पायऱ्या. ००० तेलासारखं वाहतं, ६ वडीसारखं कापता येतं.

पॉलिटेक्निकात शिकणारा भाचा म्हणाला, आमच्या सिव्हिलच्या लॅबमध्ये डांबराची सुई असते, तीही ५ सेकंदच सोडतात आणि मापही तेच, मिलिमीटरचा दहावा भाग. ऐकून बरं वाटलं. रस्त्याचं डांबर आणि बेअरिंगचं ग्रीस एकाच रीतीने मोजलं जातं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आमच्याकडे शंकू नाही, पण गवंड्याचा ओळंबा आहे. तो दोऱ्याने वाटीवर नेमका टेकवून सोडला, ५ मोजले आणि बुडालेला भाग पट्टीने मोजला. हा आकडा जगात कुठेच दाखवण्यासारखा नाही, पण आपल्याच डब्यांची आपसांत तुलना करायला चालतो. ब आणि क जवळपास सारखे, अ किंचित मऊ.

आता यात जो घोळ सगळेच करतात, मीही करत होतो, तो मांडून ठेवतो. घट्ट ग्रीस म्हणजे जास्त ओझं पेलणारं ग्रीस, हा समज चुकीचा आहे. ओझं पेलते ती तेलाची पातळ फिल्म, आणि ती किती जाड राहील हे आतल्या तेलाच्या व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे दाटपणावर, ठरतं. एकाच नंबर २ च्या दोन डब्यांत एकात पातळ तेल असू शकतं आणि दुसऱ्यात काकवीसारखं. मोटरसारख्या वेगाने फिरणाऱ्या, हलक्या ओझ्याच्या बेअरिंगला ४० अंशांवर १०० सेंटिस्टोकच्या आसपासच्या व्हिस्कॉसिटीचं तेल पुरतं. हळू फिरणाऱ्या आणि जड ओढणाऱ्या रोलला २२० किंवा त्याहून दाट लागतं, वर गंधक-फॉस्फरसचं ईपी (जबर दाब सोसणारं) मिश्रण असलं तर दणके बसताना धातूला धातू चिकटत नाही. नंबर सांगतो तो फक्त ग्रीस जागेवर किती बसून राहील आणि ग्रीस भरायच्या गनमधून किती सहज जाईल हे. दुकानात आम्ही आजवर फक्त 'नंबर दोन द्या' म्हणत होतो. म्हणजे अर्धाच प्रश्न विचारत होतो.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. मिल बंद. गर्दी नव्हती तोवर मत देऊन आलो आणि झाकणं बघून आलो. मिश्रणाच्या झाकणाच्या कडेला तेलाची कड दिसायला लागली आहे.

२४ नोव्हेंबर

दहा दिवस झाले. नुसतं ब जसंच्या तसं. नुसतं क जसंच्या तसं. ब आणि क मिसळलेल्या दोन्ही झाकणांत वर तेल सुटलंय आणि खालचा भाग इतका मऊ झालाय की झाकण तिरपं केलं तर सरकतो. ओळंबा टेकवला तर तळाला जाऊन थांबला.

मामांनी झाकण हातात घेतलं, तिरपं केलं, सरळ केलं, पुन्हा तिरपं केलं. म्हणाले, "दोन्ही चांगली हायेत, मग एकत्र आल्यावर असं कसं व्हायलंय?" प्रश्न नेमका आहे. दोघांनी तेल धरायची रीत वेगळी. एकाची साबणाच्या तंतूंची जाळी, दुसऱ्याची मातीच्या पापुद्र्यांची रचना. मिसळल्यावर एक दुसऱ्याची बांधणी मोडतो आणि तेल मोकळं होतं. लिथियम आणि कॅल्शियम बहुधा जुळवून घेतात. मातीचं लिथियमशी जुळत नाही. मोटरमध्ये कारखान्यातून येणारं पॉलियुरियाचं ग्रीससुद्धा लिथियमशी अनेकदा जमत नाही. जुनं कोणतं ते माहीत नसेल तर धुऊन नवं भरणं हाच खात्रीचा मार्ग.

क डबा स्टोअरमधून बाहेर काढला. फेकला नाही. फाटकाच्या बिजागऱ्यांना चालेल.

२ डिसेंबर

आज मात्रा मोजली. नमुन्याची डाळ तोलायचा छोटा काटा घेतला, त्यावर कागद, आणि गनचे दहा दाब कागदावर. ११ ग्रॅम भरलं. म्हणजे आमच्या गनच्या एका दाबाला १.१ ग्रॅम. दुसरी गन लहान, तिचे दहा दाब ८ ग्रॅम. आजवर दोन्ही गनना 'चार-पाच दाब मार' हा एकच हुकूम होता.

किती लागतं याचं सूत्र सोपं आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये. मोटरचं ६३०८ : ९० × २३ × ०.००५, म्हणजे १०.३५ ग्रॅम, मोठ्या गनचे नऊ-दहा दाब. रोलच्या शाफ्टचं २२२११ : १०० × २५ × ०.००५, म्हणजे १२.५ ग्रॅम, अकरा-बारा दाब. हे पुन्हा भरताना. नवं बसवताना बेअरिंग पूर्ण भरायचं, पण घराची मोकळी जागा तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंतच.

पोरं म्हणाली, मग आपण तर चार-पाचच मारत होतो, कमीच पडत असणार. नाही. आपण दर सोमवारी मारत होतो, आणि मोटरला तेवढं महिनोन्‌महिने लागत नाही. आलेलं बाहेर जायला वाटच नव्हती. मोटरच्या पोटाशी जुनं ग्रीस काढायची बुची असते. आमच्या सात मोटरींपैकी पाचांवर ती रंगाने बुजलेली सापडली. रंग मारताना कुणाला तिचं काम माहीतच नव्हतं.

कोंडलेलं ग्रीस बॉलबरोबर घुसळलं जातं, घुसळण्याने तापतं, तापल्याने तेल सुटतं आणि जळतं, उरलेला साबण खपली होऊन बसतो. मग बेअरिंग ओरडायला लागतं आणि आपण अजून ग्रीस मारतो. पहिलं मढं असं मेलं. बुच्या उघडल्या, आणि एका मोटरीतून काळा, दोरीसारखा पीळ बोटभर बाहेर आला. मोटर चालू ठेवून, पट्ट्यापासून लांब उभं राहून, अर्धा तास निघू दिलं. सकाळी बेअरिंगच्या घरावर ७८ अंश होते, दुपारी ५७.

घरांवर काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारून घेतला. यापुढे तापमान त्याच ठिपक्यावर घ्यायचं.

९ डिसेंबर

मामांशी वाद. चांगला वाद झाला.

मी सगळ्या बेअरिंगना मोजून दाब असा तक्ता भिंतीवर लावला होता. मामा एलिव्हेटरच्या खड्ड्यापाशी घेऊन गेले. "इथं कशाला मोजायलास? बघ की." खालच्या पुलीचं बेअरिंग भुशात घोट्यापर्यंत बुडालेलं असतं. मामा तिथे सीलमधून ताजं ग्रीस दिसेपर्यंत गन मारतात, आणि बाहेर आलेली कड पुसत नाहीत. ती कड काळी, कडक होते आणि भुसा तिलाच चिकटून राहतो, आत जात नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या पाळीतल्या बाजूचं बेअरिंग एकदाही गेलं नाही. माझ्या पाळीतल्या पोरांना मी 'स्वच्छ पुसून घ्या' म्हणत आलो, आणि त्या बाजूचं दोनदा गेलं.

मामांचं बरोबर आहे. इथे वेग कमी आहे, म्हणून घुसळून तापण्याचा धोका नाही. शत्रू धूळ आहे, आणि बाहेर आलेलं ग्रीस हेच इथलं सील. जी रीत मोटरला मारते तीच खड्ड्यातल्या बेअरिंगला वाचवते. एवढंच की गन लावण्याआधी निप्पल पुसायचं, नाहीतर त्याच्या तोंडावरचा भुसा आपणच आत ढकलतो.

तक्ता उतरवला. आता त्यात तीन गट आहेत : मोटर, रोल, खड्डा. खड्ड्यापुढे आकडा नाही. 'कड दिसेपर्यंत, पुसू नये' असं मामांच्या शब्दांत लिहिलंय.

निप्पलवरून एक माहिती. हे ग्रीस निप्पल ऑस्कर झर्क नावाच्या ऑस्ट्रियात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यातून निघालं, त्याला अमेरिकेत १९२९ मध्ये पेटंट मिळालं. आज आपल्या ट्रॅक्टरपासून मळणी यंत्रापर्यंत जिथे तिथे ते टोपडं दिसतं. आत गोळी आणि स्प्रिंग, गनच्या दाबाने उघडते, दाब गेला की मिटते. एवढीशी वस्तू, पण तिच्यामुळे बेअरिंग न उघडता ग्रीस भरता येतं.

१७ डिसेंबर

खाण्याच्या मालाचा विषय आजवर टाळत आलो होतो. डाळ पुढे ढकलणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरच्या मधल्या लटकत्या बेअरिंगखालून थेट डाळ जाते. तिथे ग्रीसचा थेंब पडला तर तो कुणाच्या तरी वरणात जाणार. अशा जागांसाठी 'एच १' वर्गाची ग्रीसं असतात, चुकून अन्नाला लागलं तरी चालेल अशा घटकांची. त्यातही मर्यादा आहे. अमेरिकी नियमांत अशा तेलाचा अंश अन्नात १० पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे एक टन डाळीत १० ग्रॅम. आमच्या गनचे नऊ दाब.

बरंच महाग आहे. तरीही डाळीच्या वर असलेल्या सहा जागांना हेच घ्यायचं असं मालकांना सांगितलं, आणि त्यासाठी पांढऱ्या रंगाची वेगळी गन. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आपल्या घरी पण हीच डाळ जाते." मंजूर.

२९ डिसेंबर

उद्या येळवस. मिल बंद, सगळे आपापल्या शेतावर. म्हणून आज रात्रीपर्यंत मोठं काम उरकलं : अकरा बेअरिंग डिझेलने धुऊन, हवेने न फिरवता सुकवून, नवं ग्रीस भरून बसवली. 'हवेने न फिरवता' हे मुद्दाम लिहितो. धुतलेलं कोरडं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गर्रकन फिरवायची पोरांना हौस असते. कोरड्या रेसवर चरे पडतात, आणि केज तुटून बॉल उडाला तर डोळा जातो.

रोलला २२० व्हिस्कॉसिटीचं लिथियम ईपी, मोटरींना साधं लिथियम, ड्रायरच्या पंख्याला लिथियम कॉम्प्लेक्स. त्याचा ड्रॉपिंग पॉइंट २६० च्या घरात असतो.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

मामांच्या शेतावर. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. जेवण झाल्यावर मामांचे वडील बोलत बसले. त्यांच्या तरुणपणी बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायचे, चिंधी तेलात भिजवून आसाला गुंडाळायची. लांबच्या बाजाराला निघताना वंगणाची नळी गाडीखाली टांगलेली असायची. चाक करकरलं की गावात लोक म्हणायचे, घरात एरंडेल संपलं वाटतं.

मी त्यांना सांगितलं, बाबा, आम्ही काल जे तांबूस ग्रीस भरलं त्यातही एरंडच आहे. ते हसले, त्यांना वाटलं मी मन राखायला बोलतोय. पण खरं आहे. लिथियम ग्रीसचा साबण १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्लापासून करतात, आणि ते आम्ल एरंडेलात हायड्रोजन मिळवून तयार होतं. लिथियम ग्रीसचं पेटंट क्लॅरेन्स अर्ल या अमेरिकी माणसाच्या नावावर १९४२ मध्ये नोंदलं गेलं. आज जगातली निम्म्याहून अधिक ग्रीसं लिथियमची आहेत, आणि जगातला सर्वाधिक एरंड आपल्या देशात, गुजरातेत पिकतो. बांधावर एरंडाची दोन झाडं होती. बाबांनी एक बोंड तोडून हातात दिलं. ते वहीच्या या पानाला चिकटपट्टीने लावलंय.

११ जानेवारी २०२५

नवी तूर सुरू झाली. पूर्ण भारावर पहिला आठवडा. दुपारी दोनची मापं, बाहेर २९ अंश : रोलची बेअरिंग ५५ ते ५८, मोटरी ५१ ते ५७, ड्रायरचा पंखा ७३. ग्रीस भरल्यावर पहिले काही तास तापमान आठ-दहा अंश चढतं आणि मग उतरतं. घाबरून पुन्हा गन लावायची नाही, हे पाळी बदलताना सांगून ठेवलंय.

६ फेब्रुवारी

रोल नंबर दोनचं बेअरिंग गेलं. बसवून चाळीस दिवससुद्धा झाले नव्हते.

उघडलं तर ग्रीस सुंदर. लोण्यासारखं, रंगही न बदललेलं. पण रेसच्या एकाच बाजूला घासल्याची खूण. मोटरचा पट्टा बदलताना इतका ताणला होता की शाफ्ट एका बाजूला ओढला जात होता. ग्रीस कितीही चांगलं असलं तरी वाकड्या शाफ्टपुढे त्याचं चालत नाही. रजिस्टरात कारण लिहिलं : 'पट्ट्याचा ताण'.

१९ एप्रिल

ऊन ४२ वर. मापं : रोल ६९ ते ७१, ड्रायरचा पंखा ८६. हिशोब जुळतोय, जानेवारीपेक्षा बाहेरची हवा तेरा अंशांनी चढली आणि बेअरिंगही तेवढीच. ठोकताळा असा की ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे रोल अजून काठावर आहेत, पण ड्रायरच्या पंख्याला ग्रीस भरायची पाळी आजपासून सहा आठवड्यांवरून तीन आठवड्यांवर आणली. पाऊस पडला की पुन्हा सहा.

जानेवारीपासून आजवर दोन बेअरिंग बदलली. एक पट्ट्याचं, एक मुळातच जुनं. गेल्या वर्षी याच काळात सात होती.

आज ब चा नवा डबा उघडला तर वर बोटभर तेल साचलेलं. स्टोअरच्या पत्र्याखाली दुपारी पन्नासच्या जवळ जातं. थोडं तेल सुटणं नैसर्गिक आहे, ते ढवळून घेता येतं, पण एवढं नाही. या डब्यातलं वरचं ग्रीस फक्त खड्ड्यातल्या बेअरिंगना वापरायचं. मामांनी आणि मी उरलेले चारही डबे उचलून पाण्याच्या रांजणांच्या खोलीत, भिंतीलगत नेऊन ठेवले. तिथे दुपारीही ३३ अंश आहेत.